खाली गिझर, वर लखलखाट: तुटलेल्या न्यूट्रलचं प्रकरण

ओहमचा नियम आणि एकसर-समांतर जोडणी शिकून झाली की मुलांना ‘३ ओहम आणि ६ ओहमचे रोध जोडले आहेत’ छापाची उदाहरणं पटापट सुटतात. पण घरात बटण दाबल्यावर नेमकं काय होतं, याच्याशी त्या उदाहरणांचा धागा काही जुळत नाही. तो जुळवायला इथे एकच बिघाड शेवटपर्यंत सोडवून पाहिला आहे. इमारत नमुन्यादाखल घेतली आहे आणि उपकरणांचे वॅट वहीत गणित करता येईल असे निवडले आहेत. बिघाड मात्र अस्सल आहे. कुठल्याही जुन्या वायरमनला विचारा, तो असे दोन-तीन किस्से सहज सांगेल.

इमारत कोकणातल्या एका तालुक्याच्या गावातली, तीन मजली. प्रत्येक मजल्यावर एक बिऱ्हाड. डीपीवरून, म्हणजे रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरवरून, इमारतीत चार तारा येतात: लाल, पिवळा, निळा असे तीन फेज आणि एक न्यूट्रल. तळमजला लाल फेजवर, दुसरा मजला पिवळ्यावर. मधला पहिला मजला निळ्यावर, पण ते बिऱ्हाड मुंबईला. गणपतीत दहा दिवस उघडतं, एरवी मेन बंद आणि दाराला कुलूप. हे कुलूप आपल्या कामाचं आहे. मधला मजला बंद असल्यामुळेच हे सगळं गणित शाळेच्या पातळीवर राहतं.

जुलैमधली सकाळ, बाहेर अंधारून आलेलं. तळमजल्यावर २००० वॅटचा गिझर लावलेला आणि स्वयंपाकघरात ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब चालू. दुसऱ्या मजल्यावर टीव्ही (१०० वॅट), पंखा (६० वॅट) आणि १० वॅटचे चार एलईडी दिवे, म्हणजे एकूण २०० वॅट.

अचानक वरचे दिवे डोळे दिपतील असे पेटले. पंखा घुमायला लागला. टीव्हीच्या मागून ‘फट्’ असा आवाज आला, जळका वास सुटला आणि पाठोपाठ एकेक दिवा गेला. वरच्या काकू जिन्यातून ओरडल्या, “अहो भाऊजी, तुमच्याकडेही दिवे असे भडकलेत का?” खालून उत्तर आलं, “भडकतायत कुठले? आमच्या बल्बची नुसती तार लाल झालीय!”

व्होल्टेज कमी आहे असं समजून खालच्यांनी गिझर बंद केला. त्यासरशी बल्ब बऱ्यापैकी पेटला आणि वरचा पंखाही शांतपणे फिरायला लागला. गेलं संकट, असं दोघांनाही वाटलं. तरी धोका नको म्हणून काकूंनी आपलं मेन पाडलं. आणि तळमजल्यावरचा बल्ब विझला.

समोरच्या घरात लाईट होती, तळमजल्याचं मेन चालू होतं, एमसीबी, म्हणजे धारा फार वाढली की आपोआप पडणारे खटके, वर होते. वरच्या मजल्याचं मेन पाडल्यावर खालचा बल्ब का विझावा? दोघांची मीटरं वेगळी, फेज वेगळे. या प्रकरणातला सगळ्यात बोलका पुरावा हाच आहे. माझं मत विचाराल तर वर्गात गोष्ट इथे थांबवावी आणि मुलांना दहा मिनिटं भांडू द्यावं.

वायरमन आला. त्यानं तळमजल्याच्या प्लगमध्ये टेस्टर घातला. फेजच्या भोकात टेस्टर पेटला, ते ठीकच. मग त्यानं न्यूट्रलच्या भोकात घातला. तिथेही पेटला. एरवी न्यूट्रलमध्ये टेस्टर पेटत नाही. त्यानं बल्बचं बटण बंद करून पुन्हा न्यूट्रल पाहिला. आता टेस्टर विझलेला. “न्यूट्रल गेलीय. वर काही चालू करू नका,” एवढं सांगून तो जिन्याखालच्या कॉमन बोर्डाकडे गेला.

त्यानं दोन मिनिटांत जे ओळखलं ते समजून घ्यायला आपल्याला थोडं मागून यावं लागेल.

ट्रान्सफॉर्मरमधल्या तीन गुंडाळ्यांचं एकेक टोक एकत्र बांधलेलं असतं. त्या सांध्यातून निघालेली तार म्हणजे न्यूट्रल. तिथेच ती जमिनीत गाडलेल्या अर्थिंगलाही जोडलेली असते, म्हणून न्यूट्रलचा विभव जमिनीइतका, जवळजवळ शून्य राहतो. गुंडाळ्यांची उरलेली तीन टोकं म्हणजे तीन फेज. कुठलाही फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्ट विभवांतर असतं. दोन फेजमध्ये किती? मुलं पटकन ४६० म्हणतात, चलाख असतील ती शून्य म्हणतात. खरं उत्तर ४०० आहे. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते आणि तिन्ही फेजच्या लाटा एकमेकींच्या मागे आवर्तनाच्या एक तृतीयांश अंतरानं येतात. एक शिखरावर असते तेव्हा दुसरी शिखरावरही नसते आणि तळाशीही नसते. त्यामुळे २३० ला दोननं नव्हे, तर ३ च्या वर्गमुळानं, म्हणजे १.७३२ नं गुणायचं. उत्तर येतं ३९८, व्यवहारात ४००.

आता दोन्ही घरांचा मार्ग बोटानं गिरवा. लाल फेजमधून धारा तळमजल्यात शिरते, गिझर-बल्बमधून जाते आणि न्यूट्रलनं परतते. पिवळ्या फेजचंही वरच्या मजल्यात तसंच. दोन्ही घरांचे न्यूट्रल कॉमन बोर्डावरच्या न्यूट्रल लिंकवर, म्हणजे स्क्रू असलेल्या पितळी पट्टीवर, एकत्र येतात आणि तिथून एकच जाड तार डीपीकडे जाते. ती जाड तार त्या पट्टीपाशी सुटली. दोन्ही घरांचे न्यूट्रल अजून एकमेकांना जोडलेले आहेत, फक्त डीपीशी त्यांचा संबंध उरलेला नाही. धारेला परतीचा रस्ता एकच राहिला: लाल फेज, तळमजला, पितळी पट्टी, दुसरा मजला, पिवळा फेज. दोन स्वतंत्र घरं एकापुढे एक, ४०० व्होल्टवर एकसर जोडली गेली. घरातल्या एकाही वायरला कुणी हात लावला नव्हता.

काकूंनी मेन पाडल्यावर खालचा बल्ब का विझला, हे इथेच सुटतं. एकसर जोडणीत एक जागा तुटली की धारा सगळीकडे थांबते.

बाकीच्यासाठी रोध काढू. उपकरणावर लिहिलेले वॅट २३० व्होल्टसाठी असतात आणि रोध म्हणजे विभवांतराचा वर्ग भागिले शक्ती. २३० चा वर्ग ५२९००. तळमजला २०६० वॅट, म्हणून रोध सुमारे २५.७ ओहम. दुसरा मजला २०० वॅट, म्हणून रोध २६४.५ ओहम. इथे बरेच जण अडखळतात: जास्त वॅटच्या उपकरणाचा रोध कमी असतो. गिझर जास्त वीज खातो, कारण तो धारेला कमी अडवतो.

एकूण रोध २९०.२ ओहम. ४०० भागिले २९०.२, म्हणजे धारा सुमारे १.३८ अँपिअर. एकसर जोडणीत ही धारा दोन्ही घरांतून सारखीच वाहते, विभवांतर मात्र रोधाच्या प्रमाणात वाटलं जातं. खाली १.३८ × २५.७, म्हणजे जेमतेम ३५ व्होल्ट. वर १.३८ × २६४.५, म्हणजे ३६५ व्होल्ट.

३५ व्होल्टवर २००० वॅटचा गिझर किती काम करेल? ३५ चा वर्ग भागिले गिझरचा रोध २६.४५: सुमारे ४६ वॅट. पाणी कोमटसुद्धा होणार नाही. वर उलट स्थिती. विभवांतर सुमारे १.६ पट झालं, पण शक्ती त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून २०० वॅटच्या जागी ५०० वॅट. दिव्यांचा लखलखाट आणि पंख्याचा घुमघुमाट, दोन्ही या अडीचपटीतून आले.

टीव्हीचं दुखणं आणखी आतलं. टीव्ही आलेल्या प्रत्यावर्ती दाबाची (दाब म्हणजे विभवांतर, व्होल्टेज) आधी एकदिश वीज करतो आणि एका कपॅसिटरमध्ये साठवतो. तिथला दाब लाटेच्या शिखराएवढा, म्हणजे १.४१४ पट असतो. २३० व्होल्टवर हा आकडा ३२५ येतो, म्हणून अशा जागी बरेचदा ४०० व्होल्टचा कपॅसिटर असतो. ३६५ व्होल्टवर आकडा गेला ५१६ वर. ‘फट्’ आवाज बहुधा तिथलाच. एलईडी दिव्यांच्या बुडातल्या छोट्या सर्किटचीही हीच कथा.

आणि आता क्रूर भाग. टीव्ही आणि दिवे मेल्यावर वर एकटा ६० वॅटचा पंखा उरला. वरच्या घराचा रोध कमी झाला की वाढला? वाढला: २६४.५ वरून ८८२ ओहम. रोध वाढला म्हणजे विभवांतराचा वाटाही वाढला. पुन्हा भागाकार केला तर पंख्याला ३८९ व्होल्ट, खाली ११. एकेक उपकरण मरत जातं तसं मागे राहिलेल्यावर जास्त दाब येतो. अशा बिघाडात घरातलं ‘सगळंच’ जळतं, त्याचं कारण हे.

खालच्यांनी गिझर बंद केला तेव्हा खाली फक्त ६० वॅटचा बल्ब, वर फक्त ६० वॅटचा पंखा. समान रोध, समान वाटणी: दोघांनाही २००-२०० व्होल्ट. बल्ब जरा पिवळट, पंखा जरा सावकाश, बाकी सगळं सुरळीत. बिघाड जसाच्या तसा होता. त्याच वेळी खाली कुणी पुन्हा गिझर लावला असता तर पंख्यावर परत ३८९ व्होल्ट आले असते. आणि वर कुणी इस्त्री लावली असती तर ३६५-३५ चा खेळ उलटा होऊन तळमजल्याचा बल्ब भडकून गेला असता.

एक सूट इथे घेतली आहे. बल्बची तार तापली की तिचा रोध वाढतो, आणि पंखा किंवा टीव्ही हे निव्वळ रोध नाहीत. त्यामुळे प्रत्यक्ष मीटर लावला तर आकडे थोडे इकडेतिकडे येतील. घटनांचा क्रम आणि दिशा मात्र हीच राहील.

मग एमसीबी का पडला नाही? या प्रश्नावर मोठी माणसंही अडतात. एमसीबी आणि फ्यूज धारेवर नजर ठेवतात. वरच्या घरात एरवी ०.८७ अँपिअर धारा होती, ती १.३८ झाली. ६ अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीनं ही किरकोळ गोष्ट. दाब किती आहे हे त्याला कळतच नाही. ईएलसीबी किंवा आरसीसीबी असता तरी तो गप्पच बसला असता: तो फेजमधून गेलेली आणि न्यूट्रलमधून परतलेली धारा सारखी आहे का एवढंच पाहतो, आणि इथे ती तंतोतंत सारखी होती. या बिघाडावर राखण करायची तर दाब मोजणारं उपकरण लागतं. ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर म्हणून ते मिळतं; ठरलेल्या मर्यादेबाहेर दाब गेला की घराची वीज तोडतं.

टेस्टरचं कोडंही आता सोपं आहे. काकूंचं मेन बंद, म्हणजे धारा शून्य. धारा शून्य तर बल्बमध्ये विभवांतराची घटही शून्य. त्यामुळे बल्बच्या अलीकडे फेजवर जे २३० व्होल्ट, तेच पलीकडे न्यूट्रलवर. बटण बंद केल्यावर न्यूट्रलचा फेजशी असलेला संबंध तुटला आणि टेस्टर विझला. काकूंचं मेन चालू असताना, गिझरच्या वेळी, याच ‘न्यूट्रल’वर जमिनीच्या तुलनेत सुमारे २०० व्होल्ट होते. ‘न्यूट्रलला हात लावला तर काही होत नाही’ असं छातीठोकपणे सांगणारे दर गावात असतात. त्या सकाळी तळमजल्यावर तो प्रयोग जीवावर बेतला असता.

वायरमननं आधी तिन्ही फेजचे कटआउट, म्हणजे फ्यूज, काढले, मग बोर्ड उघडला. पितळी पट्टीच्या शेवटच्या भोकात अल्युमिनियमची जाड तार कधीकाळी पिळून बसवलेली. तारेच्या टोकावर पांढरी भुकटी, स्क्रूचं डोकं तापून निळसर पडलेलं, वरचं पीव्हीसी वितळून काळं झालेलं, आणि तार भोकापासून बोटभर बाजूला लोंबत होती.

हा सांधा एका सकाळीत जळलेला नाही. अल्युमिनियमवर हवेत ऑक्साइडचा थर बसतो आणि तो वीज नीट वाहू देत नाही. पितळ किंवा तांब्याशी त्याचा सांधा खाऱ्या, दमट हवेत लवकर कुजतो. शिवाय तापल्यावर अल्युमिनियम पितळेपेक्षा जास्त फुगतं, स्क्रूखाली चेपतं आणि थंड झाल्यावर सैल राहतं. समजा सांध्याचा रोध वाढत अर्धा ओहम झाला. गिझर चालू असताना न्यूट्रलमधून साधारण ८.५ अँपिअर वाहत होते. ८.५ चा वर्ग गुणिले ०.५, म्हणजे ३६ वॅट उष्णता त्या एवढ्याशा स्क्रूपाशी, सोल्डरिंगच्या इस्त्रीइतकी. तापला की सैल, सैल झाला की रोध जास्त, रोध वाढला की आणखी ताप.

हा सांधा आधीपासून इशारे देत होता. ८.५ अँपिअर आणि अर्धा ओहम म्हणजे न्यूट्रलवर चार व्होल्टच्या आसपास घट. खाली गिझर लावला की खालचा दिवा किंचित मंद होणार, त्यात नवल नाही. पण त्याच क्षणी वरचा दिवा थोडा उजळत असेल, तर न्यूट्रलचा सांधा सैल आहे असं समजायचं. एका घरात मोठं उपकरण लावल्यावर दुसऱ्या घरातला उजेड वाढण्याचं दुसरं साधं कारण नसतं. काकूंना नंतर विचारलं तर म्हणाल्या, “हो हो, पंधरा दिवस झाले, सकाळी दिवा मध्येच उजळायचा. मी म्हटलं, व्होल्टेज सुधारलं!”

शेजारच्या एका हौशी गृहस्थांनी मध्येच सल्ला दिला, “तार मिळेपर्यंत न्यूट्रल अर्थला बांधून द्या की, चालतं.” वायरमननं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. गणित करू. इमारतीच्या अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध ५ ओहम धरा. गिझरची धारा त्यातून गेली तर एकूण रोध ३१.४५ ओहम, धारा ७.३ अँपिअर, आणि अर्थच्या तारेवर सुमारे ३७ व्होल्ट. ती तार फ्रीजच्या, गिझरच्या, वॉशिंग मशीनच्या पत्र्याला जोडलेली असते. मे महिन्यात खड्डा सुकून रोध २० ओहम झाला तर हेच ९९ व्होल्ट होतात. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून गिझरच्या पत्र्याला हात लावणाऱ्याचं काय होईल, ते सांगायला नको.

दुरुस्ती तासाभराची. जळलेला भाग कापून तार मागे सोलली, घासून चकचकीत केली, तांबं-अल्युमिनियम जोडायचा खास लग दाबून बसवला, पट्टी बदलली, बाकीचे स्क्रूही आवळले. वीज चालू करण्याआधी दोन्ही घरांची मेनं बंद ठेवून त्यानं प्रत्येक फेज आणि न्यूट्रल यांच्यातलं विभवांतर मोजलं. मग एक घर, मग दुसरं. या क्रमात घाई करणारे वायरमन मला आवडत नाहीत.

घरात असं कधी दिसलं, काही दिवे भडक आणि शेजारी मंद, तर आपलं मेन पाडायचं, इतर मजल्यांनाही पाडायला सांगायचं आणि माणूस बोलवायचा. मुलांनी बोर्ड उघडायचा नाही.

वर्गात हा बिघाड सेलवर करून दाखवता येतो. १.५ व्होल्टचे चार मोठे सेल एकसर जोडा. दोन्ही टोकांना एकेक तार, आणि दुसऱ्या-तिसऱ्या सेलच्या मधून तिसरी तार. ही मधली तार म्हणजे न्यूट्रल. सायकलच्या डायनमोवर लागतात तसले ६ व्होल्टचे चार सारखे दिवे घ्या. एक दिवा वरची तार आणि मधली तार यांच्यात लावा. उरलेले तीन, एकमेकांना समांतर, मधली आणि खालची तार यांच्यात. सगळ्यांना ३ व्होल्ट मिळतात आणि चारही दिवे मंद पण सारखे पेटतात. आता मधली तार फक्त सेलपाशी सोडवा. एकटा दिवा ४.५ व्होल्टवर उजळतो, तिघांच्या वाट्याला १.५ येतात. मुलांना आधी आकडा लिहायला लावा, मग तार सोडवा. तिघांतला एक दिवा होल्डरमधून सैल केला की वाटणी होते ४ आणि २ व्होल्ट. आणखी एक काढला की दोन्हीकडे एकेकच दिवा उरतो, ३ आणि ३. या वेळी मधली तार सेलला लावा किंवा काढा, दिव्यांत फरक पडत नाही. तो का पडत नाही आणि वायरमन बिऱ्हाडं तिन्ही फेजवर सारखी वाटायला का बघतात, हे दोन प्रश्न गृहपाठाला द्यावेत.